मुंजाबा आचाऱ्याची जीभ

"त्यापरीस गोळ्याच चावून खाईन की," सारजाबाई म्हणाली आणि ताट पलंगाच्या कडेला सारून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ताटात तुरीचं वरण, मऊ भात आणि दुधी भोपळ्याच्या उकडलेल्या फोडी होत्या. सोनियानं, तिच्या सुनेनं, दवाखान्यात सांगितलं होतं तसंच सगळं केलं होतं. मीठ नाही, फोडणी नाही. लोणचं आणि पापड तर घरातूनच हद्दपार केले होते.

"आत्या, दोन घास तरी खा वो. औषध रिकाम्या पोटी घ्यायचं नाय म्हनले डॉक्टर," सोनिया म्हणाली. सासूची पाठ हलली नाही.

तिचा नवरा मुंजाबा तेवढ्यात बाहेरून आला. खांद्यावरचा टॉवेल खुंटीला अडकवून त्यानं ते ताट उचललं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला आणि वरणात बोट बुडवून जिभेला लावलं. मग पुन्हा लावलं. त्याच्या कपाळाला आठी पडली. ती रागाची नव्हती, कोडं न सुटल्याची होती. डाळ चांगली शिजली होती, करपली नव्हती, कच्ची नव्हती. मीठ नाही म्हणजे खारटपणा नसावा, एवढं त्याला समजत होतं. पण डाळीची स्वतःची गोडी कुठं गेली? ती तर मिठाची नव्हती. मीठ गेल्यावर तीही घर सोडून का गेली?

उभं आयुष्य चुलीपुढं काढलेल्या माणसाला हा प्रश्न याआधी कधी पडला नव्हता.

मुकुंदवाडीपासून पार चिकलठाण्यापर्यंत लग्न ठरलं, की लोक आधी मुंजाबा आचाऱ्याला तारीख विचारत आणि मग कार्यालय बघायला जात. त्याची येसर आमटी नावाजलेली होती. धान्य, डाळी आणि मसाले भाजून केलेलं जाडसर येसर, त्यावर तेलाचा तांबडा, बोटभर कट. पंगतीत माणसं घाम पुसत पुसत ती भुरकत आणि वाढप्याला पुन्हा हाक मारत. मुंजाबा काही मोजत नसे. पळीतली आमटी डाव्या तळहातावर थेंबभर घ्यायची, जिभेला लावायची, क्षणभर डोळे मिटायचे. त्याच्या तोंडून "हां" आलं, की रामहरी, त्याचा जुना जोडीदार, वाढप्यांना खूण करायचा.

घरात मात्र मुंजाबानं कधी गॅस पेटवला नव्हता. दोन माणसांची भाजी करायची म्हणजे त्याला खेळभांड्यांत स्वयंपाक केल्यासारखं वाटे. लग्नाच्या हंगामात तो कार्यालयातून डबा भरून आणी आणि सारजाबाई तेच खाई. हंगाम नसला, की ती रांधी आणि तो मुकाट्यानं खाई. कधी नाव ठेवलं नाही, कधी वाहवाही केली नाही.

मग नागपंचमीच्या सुमाराला तिच्या पायावर सूज आली. पाण्याची कळशी उचलली तरी दम लागू लागला. दवाखान्यात तपासण्या झाल्या. हृदय कमजोर झालंय, अंगात पाणी साठतंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या तर होत्याच, पण मीठ आणि तेल तोडणं गोळ्यांइतकंच महत्त्वाचं होतं. आणि आता घरी येऊन आठवडा झाला तरी सारजाबाई जेवत नव्हती. दंडावरची कातडी सैल पडत चालली होती.

"उद्यापासून तिचं मी करतो," मुंजाबा उंबऱ्यातूनच म्हणाला.

सोनियानं त्याच्याकडे बघितलं. "मामा, तुमी? घरी?"

"काऊन? मला येत नाय का?"

पलंगावरून, भिंतीकडे तोंड असलेल्या सारजाबाईचा आवाज आला, "लई मोठी कढई आना म्हनावं गुलमंडीवरून. बारक्या भांड्यात त्यांचा हात बसायचा नाय."

तिचं खरंच होतं. पहिल्या दिवशी वरण एवढं झालं, की शेजारच्या तिन्ही घरांत वाट्या गेल्या. पण चव होती. सारजाबाई उठून बसली, भातावर वरण घेऊन जेवली आणि वर म्हणाली, "आता कसं!" मुंजाबाला एखादी मोठी पंगत मार्गी लागल्यासारखं वाटलं. मीठ त्यानं अगदी नावाला टाकलं होतं. निदान त्याला तसं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी पिठलं केलं, तिसऱ्या दिवशी मुगाची आमटी. सारजाबाई रोज जेवू लागली आणि घरात हसण्याचे आवाज येऊ लागले.

आठवड्याच्या शेवटी सकाळी तिला धाप लागली. पाय बोटानं दाबला की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. मुलगा गोकुळ कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. सोनिया आणि मुंजाबा रिक्षात घालून तिला दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं यांनी?"

मुंजाबा म्हणाला, "म्या केलेलं खाल्लं, सायेब. मीठ थोडंच टाकलं व्हतं. पर हाताला थोडं म्हंजे किती ते कळंना गेलं."

तेच खरं होतं. गॅससमोर उभं राहिलं, की त्याचा उजवा हात आपोआप मिठाच्या डब्यात जायचा. डोकं नको म्हणेपर्यंत हातानं टाकलेलंही असायचं.

सारजाबाईच्या नाकाला प्राणवायूची नळी लावली होती. तिनं नवऱ्याकडे बघून हात जरासा हलवला. जाऊ द्या, असं तिला म्हणायचं होतं. मुंजाबाला ते बघवलं नाही. तो व्हरांड्यात गेला.

आहाराचं बघणाऱ्या मॅडम तिथंच एका खोलीत बसत. अपेक्षा त्यांचं नाव. वयानं सोनियाएवढ्याच. त्यांनी मुंजाबाला समोर बसवलं आणि काय खायचं, काय नाही ते सावकाश सांगितलं. सांगून झाल्यावर बाकीचे नातेवाईक उठून जात. मुंजाबा बसूनच राहिला.

"मॅडम, एक इचारू? मीठ करतं काय?"

"म्हणजे?"

"म्हंजे खारट करतं, ते मला ठाव हाय. पर मीठ काढलं तर डाळीची डाळ ऱ्हात नाय. भोपळ्याचा भोपळा ऱ्हात नाय. आसं कामून व्हतं?"

अपेक्षा मॅडमनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांना आवडलेला दिसला. "काका, मीठ कडवटपणा दाबतं. तो दबला की बाकीच्या चवी वर येतात. म्हणून मीठ काढलं की सगळंच मुकं वाटतं. पण चव वर काढायला मीठ एकटंच नाही. आंबट आहे, भाजल्याचा खमंगपणा आहे, वास आहे, तिखट आहे. तुम्ही आचारी ना? मग ही सगळी माणसं तुमच्या ओळखीची आहेत. आणि मीठ, तेल अजिबात नको असं नाही. दिवसाला तेल चमचा-दोन चमचे आणि मीठ एवढं चालेल." त्यांनी टेबलावरचा एक छोटा प्लास्टिकचा चमचा उचलून त्याच्या टोकावर बोट ठेवलं. "हे कुठं वापरायचं ते तुम्ही ठरवा."

"आन् जिभंचं काय? ती मानंल का?"

"मानते. कमी मिठाची सवय लागते. दीड-दोन महिन्यांत जीभ बदलते. मग आधीचं जेवण खारट लागायला लागतं."

"जीभ बदलती?" मुंजाबानं पुन्हा विचारलं. जीभ ही हातापायांसारखी जन्माची मिळालेली गोष्ट, असं त्याला आजवर वाटत आलं होतं. जाताना त्यानं तो प्लास्टिकचा चमचा मागून घेतला.

सारजाबाई घरी आली त्या दिवसापासून मुंजाबानं दोन गोष्टी केल्या. मिठाचा डबा सोनियाच्या ताब्यात दिला. सकाळी ती चमच्याच्या टोकाएवढं मीठ एका वाटीत काढून देई आणि दिवसभर तेवढंच. दुसरं म्हणजे, तो स्वतःही तेच जेवू लागला.

"तुमाला काय धाड भरली?" सारजाबाई म्हणाली. "तुमचं काळीज धडधाकट हाय."

"माह्या तोंडाला सगळंच माती लागतंय. त्यातली चांगली माती कोनती आन् वाईट कोनती, हे कळाया नगं का? तुला इचारलं तर तू बरं हाय म्हनशील."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग घरात नुसते प्रयोग सुरू झाले. सोनियानं कपाळाला हात लावला, पण ती रोज बघायला उभी राहायची. मुंजाबानं कांदा तेलात परतायचा सोडून दिला. तो सालासकट गॅसच्या जाळावर ठेवायचा, काळा होईपर्यंत. साल काढलं की आतून मऊ, गोड, धुरकट कांदा निघायचा. त्याबरोबर भाजलेला लसूण आणि भाजलेले तीळ वाटले, की आमटीला दाटपणा यायचा आणि तेल लागायचंच नाही. वांग्याचं भरीत करताना त्यानं मिरचीही जाळावरच भाजली आणि वर लिंबू पिळलं. धने आणि जिरं भाजताना कोणत्या क्षणी उतरवलं तर वास सगळ्यात जास्त येतो, हे बघायला त्यानं एका सकाळी तीन वेळा भाजले. येसरही त्यानं नव्यानं करून बघितलं. जरा जास्त भाजलं तर कडू होई आणि मीठ नसल्यानं तो कडूपणा लपत नसे. लग्नात हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

"मामा, हे बघा," एकदा सोनिया म्हणाली. "फोडणी आधी केली तर चमचाभर तेल कुठं जातं कळतच नाय. तेवढंच तेल शेवटी वरून टाकलं तर?"

मुंजाबानं तिच्याकडे नीट बघितलं. त्या दिवशी त्यानं सगळी आमटी तेलाशिवाय शिजवली आणि चमचाभर तेलात लसूण, जिरं, कढीपत्ता घालून ती फोडणी वाढलेल्या वाटीवर ओतली. वाटी तडतडली. वास थेट नाकात गेला. मिठाचंही त्यानं तसंच केलं. शिजताना अजिबात नाही, वाटीतली चिमूट शेवटी वरून पेरायची. जिभेला आधी तीच भेटायची आणि बाकीची आमटी तिच्या मागं मागं आत जायची.

"पोरी, तुला हे कुनी शिकवलं?"

"शिकवतंय कोन? तुमी करतानी बघत व्हते."

हमीदभाईंकडे तो मुद्दाम गेला. सिटी चौकाच्या मागं राहणारे हमीदभाई दावतींचा नान-खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, करायचे. भाड्याची भांडी घ्यायला दोघं गुलमंडीच्या एकाच दुकानात जात, त्यामुळं जुनी ओळख. मुंजाबाचं सगळं ऐकून घेऊन ते दाढी खाजवत म्हणाले, "नमक जुबान कू चाहिए, मियां. मगर आधा खाना तो नाकच खा लेती. तू नाक कू खिला."

त्यांनी निखाऱ्याची धुरी द्यायला शिकवलं. भांड्यात मधोमध बारकी वाटी, तिच्यात लाल निखारा, त्यावर लवंग आणि तुपाचा थेंब, की लगेच झाकण.

"और एक बात," हमीदभाई बोट वर करून म्हणाले. "ढक्कन किचन में नक्को खोलना. भाभी के सामने खोलना. नहीं तो खुशबू तू खा जाएगा, उनकू क्या बचेगा?"

मुंजाबानं तसंच केलं. पलंगासमोर स्टुलावर पातेलं ठेवून झाकण उघडलं. धूर वर आला आणि सारजाबाईनं डोळे मिटले.

पण ती जेवायची ते अजूनही पाखरासारखंच. नाव ठेवत नव्हती, ताट सारत नव्हती, पण अर्ध्यावर हात थांबायचा. मुंजाबाला ते खटकत राहिलं. आता तर त्याची स्वतःची जीभही ताळ्यावर येऊ लागली होती. मुगात गोडी लागायची, दुधीत ओला हिरवा वास लागायचा. मग हिला काय कमी पडत होतं?

एका दुपारी तो लसूण सोलत पलंगापाशी बसला होता. न राहवून त्यानं विचारलं, "सारजे, खरं सांग. तुला खायाला आवडतं काय?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "आज इचारता व्हय?"

"आज इचारतो."

"तुमच्या आमटीचा तो कट मला कंदी आवडला नाय," ती हळूच म्हणाली. "छातीत जळायचं. पर सारं गाव वानायचं. मी कसं म्हनू?"

मुंजाबाच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. किती हंगाम त्यानं तो कट डब्यात जपून आणला होता! रिक्षात सांडू नये म्हणून मांडीवर धरून.

"मग काय आवडतं?"

सारजाबाईनं उशी पाठीशी घेतली. तिच्या आवाजात कुठून तरी बळ आलं. "आमी मेंढरं घिऊन गोदागंगंच्या काठानं हिंडायचो तव्हा माय ज्वारीच्या कन्या शिजवायची. दाने जात्यावर भरडायची आन् तीन दगडांवर पातेलं. त्यात रानातली जी भाजी घावंल ती. अंबाडी घावली तर मला लई आनंद व्हायचा. आंबटढान! वरून मेंढीच्या दुधाचं ताक. पातेलं खरवडून खायचो आमी भावंडं."

"आन् मीठ?"

"मीठ मेंढरांला लागायचं. त्यांचं चाटून उरलं तर आमाला. मिठाची चट तुमच्या घरी आल्यावर लागली मला."

मग मुंजाबाला हसू आलं. आधी थोडंसं, आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सारजाबाईही हसू लागली. सोनिया आतून धावत आली, तर दोघं म्हातारी माणसं लसणाच्या सालांत बसून हसताहेत.

दुसऱ्या दिवशी मुंजाबा सकाळीच मुकुंदवाडीच्या स्टेशनाकडे गेला. खेड्यातून आलेल्या बायका तिथं रस्त्याकडेला भाजीच्या पाट्या लावून बसत. एकीपाशी अंबाडी मिळाली, कोवळी, लाल देठांची. ज्वारी गिरणीत जाडसर भरडून आणली. कण्या कशा शिजवायच्या ते त्याला येत नव्हतं. पाणी किती, अंबाडी आधी की नंतर, हे सारजाबाई पलंगावरून सांगत होती आणि तो "बरं, आता?" असं विचारत होता. शेवटी ठेचलेल्या लसणाची चमचाभर तेलातली फोडणी वरून पडली, बाजूला पातळ ताक आलं, आणि वाटीतली मिठाची चिमूट तिनंच हातानं परत केली.

"नगं. कन्यांला आंबटच बस हाय."

ती जेवली. हात अर्ध्यावर थांबला नाही. जेवून झाल्यावर तिनं बोटं चाटली आणि मग लाजून पदराला पुसली. मुंजाबानंही खाल्लं. असला साधा पदार्थ त्यानं कोणत्या पंगतीत वाढला नसता. पण भरड ज्वारीचा गोडवा, अंबाडीचा आंबटपणा आणि लसणाचा वास या तिन्ही गोष्टी एकामागून एक, वेगवेगळ्या, अशा त्याच्या जिभेवर आल्या, की तो खाता खाता थांबला. आजवर आपण चव ओरडून सांगत होतो, असं त्याला वाटलं.

त्यानंतर सारजाबाई हळूहळू हिंडू-फिरू लागली. पायावरची सूज ओसरली. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि अपेक्षा मॅडमनी कण्यांची कृती विचारून घेतली.

तुळशीची लग्नं झाली आणि हंगाम सुरू झाला. मुंजाबा पुन्हा कामावर जाऊ लागला. दुपारचा डबा घरून नेई. रामहरी त्याची थट्टा करी, "उस्ताद, आपल्याच भट्टीवर उपाशी!" पण कामात कुठं कमी नव्हती. पंगती उठत होत्या, लोक आमटीचं नाव काढत होते.

मार्गशीर्षात कडूबा पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं, बीड बायपासवरच्या एका लॉनवर. पाटील मुंजाबाचे गाववाले. त्यांचा हट्ट होता, की ताटं घेऊन उभ्यानं खायचं नाही, पंगतच बसवायची. सारजाबाईलाही आग्रहाचं आमंत्रण होतं. ती आली, नवं लुगडं नेसून, पिशवीत आपला डबा घेऊन.

मुंजाबानं आमटी उतरवायच्या आधी तळहातावर थेंब घेतला, जिभेला लावला, डोळे मिटले. "हां," तो म्हणाला आणि भाताकडं वळला. काहीतरी विचारायला तो परत फिरला, तेव्हा रामहरी पातेल्यावर वाकला होता. त्याची मूठ उघडत होती.

"काय टाकलं?"

रामहरी दचकला. "मीठ, उस्ताद."

"म्या चाखलं व्हतं."

"व्हय."

"मग?"

रामहरी पळीनं आमटी ढवळत राहिला.

"कव्हापासून टाकतो?" मुंजाबानं विचारलं.

"हंगाम सुरू झाल्यापासून," रामहरी खालच्या आवाजात म्हणाला. "पयल्या लग्नात वाढपी येऊन सांगायला लागले, की लोक मीठ मागत्यात. तुमाला कसं सांगू? वयनी आजारी, तुमी घरी तसलं जेवता. म्हनलं व्हईल नीट. तवर आपून सांभाळू."

मुंजाबाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्यानं पळी हिसकावून घेतली, पुन्हा थेंब घेतला. जीभ आकसली. नुसतं मीठ. त्याच्या मागं येसर नाही, खोबरं नाही, काही नाही. पलीकडं पोळ्या लाटणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यातल्या एका म्हातारीच्या हातावर त्यानं आमटी घातली.

"खारट झाली का, मावशी?"

तिनं चाटून बघितली. "नाय की. आता कशी पायजे तशी झाली."

तो तिथंच, भट्टीपाशी, पालथ्या डालीवर बसला. मॅडमनी सांगितलं होतं, की जीभ बदलते. म्हणजे ती परतही बदलेल. महिना-दोन महिने सगळ्यांसारखं जेवलं, की पुन्हा "हां" म्हणता येईल. अवघड काहीच नव्हतं. पण मग घरी पातेल्यात काय कमी आहे, हे कोण सांगणार? कण्यांमधली ती एकामागून एक येणारी चव पुन्हा त्या मिठाखाली गाडली जाईल. मग हिच्यासाठी केलेलं सगळं पुन्हा माती लागेल, आणि त्यातली चांगली माती कोणती ते ओळखता येणार नाही.

मांडवातून सनईचं रेकॉर्डिंग ऐकू येत होतं. मुंजाबानं तोंडावरून हात फिरवला आणि उठला.

"रामहरी, आजपासून चाखायचं तू. माह्या मागून नाय, सगळ्यांम्होरं. वाढप्यांला हाक तूच द्यायची."

"उस्ताद, आसं नका म्हनू. तुमचं नाव घिऊन लोक येत्यात."

"आता तुपलं घेतील. भाजायचं, वाटायचं, जाळ बघायचा, ते मी बघतो की. तेवढं अजून येतं मला." त्यानं पळी रामहरीच्या हातात दिली आणि टॉवेलला हात पुसले. "बोलाव पंगत."

रामहरीनं पळी कपाळाला लावली. मग त्यानं वाढप्यांना हाक दिली.

मुंजाबाला एकदम काही कामच उरलं नाही. तो मांडवाच्या कडेला येऊन उभा राहिला. बायकांच्या रांगेत सारजाबाई दिसली. तिनं आपला डबा उघडला होता आणि शेजारणीला त्यातलं काहीतरी चाखायला दिलं होतं. ती बाई तोंड हलवत विचार करत होती. कडूबा पाटलांचं लक्ष मुंजाबाकडं गेलं.

"आचारी, उभे काय? बसा की. इतकी लग्नं केली, कव्हा पंगतीला बसलेलं बघितलं नाय तुमाला."

मुंजाबा बसला. पत्रावळ आली, भात आला, लिंबाची फोड आली. आमटीचा वाढपी नवा होता, त्यानं त्याला ओळखलं नाही. तो द्रोणात पळी ओतणार, तोच मुंजाबानं द्रोणावर हात आडवा धरला.

शेजारी परगावचा कुणी पाहुणा बसला होता. तो भुरका मारून घाम पुसत म्हणाला, "काय बाबा, आमटी नगं म्हनता? लई भारी झालीय. कोन आचारी हाय?"

मुंजाबानं लिंबू भातावर पिळलं.

"रामहरी म्हनून हाय," तो म्हणाला. "त्यो बघा, भट्टीपाशी उभा हाय त्यो."